निवटा घरी काय सांगणार?

बाई, जोह्याच्या कारखान्यात तुम्ही गोष्ट मधेच थांबवलीत आणि माझ्या बाबांच्या हातातला ब्रश हवेतच राहिला, त्या घडीला माझं सगळं बदललं. तुम्हाला ते तेव्हा कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी तिसरीत होतो. सातवीत असताना तुम्ही गेल्याचं कळलं, आणि सातवीतल्या पोराला गेलेल्या बाईंशी काय बोलायचं ते सुचत नाही. आता सुचतंय. रोह्याला ताईच्या स्वयंपाकघरात बसलोय. ओट्यावर सकाळच्या चहाचं पातेलं तसंच पडलंय, घरात मी एकटा आहे आणि मला इथून शाळेकडे फिरकायचं नाही असा हुकूम आहे. हुकूम सोडणारी माझी भाची आहे, तिसरीतली. तिच्यापायीच तुमची आठवण निघाली.

गणपतीच्या आधीचे ते महिने तुम्ही पाहिलेत. आमचं घर म्हणजे तेव्हा नुसतं कुलूप. आई घासकामाला, म्हणजे कच्च्या मूर्तीला पॉलिश पेपर मारायला; बाबा आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायला; ताई आणि मी मागे प्लास्टरच्या पोत्यांवर. अभ्यास तिथं, जेवण तिथं, झोपही तिथंच. पालकसभेची चिठ्ठी आणली की बाबा वर न बघता म्हणायचे, "बाईंना सांग, गणपती जाऊंदे, मग येतो." गणपती जायचे आणि पुढच्या वर्षीचं काम लागायचं. अख्ख्या वर्गाच्या आईबापांची हीच रड. मग एका शनिवारी, सकाळची शाळा सोडून, तुम्ही सरळ कारखान्यात आलात. कुणी खुर्ची आणायच्या आत एक घमेलं उलटं घातलंत आणि त्यावर बसलात. शेठ म्हणाला, "बाई, पोरांना गोष्ट सांगायची तर शाळेत सांगा ना, इथं धुळीत कशाला?" तुम्ही म्हणालात, "पोरांना सांगून झाली. आता आईबापांना सांगायची आहे. तुमचे हात कामात आहेत, कान रिकामे आहेत. कान द्या." बायका हसल्या. एक काकू म्हणाली, "बाईंना पगार कमी पडतो वाटतं, कीर्तन चालू केलान!" तुम्हीही हसलात आणि सुरू केलंत.

गोष्ट खाडीतल्या शाळेची होती. तिथं एक निवटा शिकायला असतो. निवटा म्हणजे चिखलावर उड्या मारत चालणारा मासा, ओहोटीला मिठागराच्या बांधाशी बघावा तिकडे असतो, आम्ही पोरं त्याच्यामागे पळायचो. तर शाळेतले सगळे मासे पोहतात आणि हा चालतो. वर्गातला चिंबोरा, खाडीतला मोठा खेकडा तो, त्याला अडवून म्हणतो, "मासा हायस का बेडूक? बेडूक असलास तर ओरडून दाखव." मग रोज मधल्या सुट्टीत सगळी शाळा त्याला बेडकासारखं ओरडायला लावते, आणि ओरडला नाही तर त्याचा डबा चिखलात. निवटा घरी येतो. आई विचारते, "शाळेत काय झालं रे?" इथं तुम्ही थांबलात. म्हणालात, "आता पुढचं तुम्ही सांगायचं. निवटा घरी काय सांगेल? नियम एकच. इथं फक्त खाडी आहे. माणसाचं नाव घ्यायचं नाही. आपलं नाही, पोराचं नाही, दुसऱ्याच्या पोराचं तर नाहीच."

बाबांना सगळ्यात आधी चेव आला. ते म्हणाले, "सांगूदे ना बापाला! बाप जाईल नि चिंबोऱ्याची नांगी मोडून हातात देईल." कारखाना खदाखदा हसला, कारण बाबा तसेच होते, आणि सगळ्यांना ते माहीत होतं. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही विचारलंत, "बरं, बाप नांगी मोडून आला. दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, आज काय झालं? मग निवटा काय सांगेल?" आणि पोत्यांमागून मी म्हणालो, "काय नाय." मी ते विचार करून बोललो नव्हतो. रोज घरी तेच तर सांगत होतो. बाबा एका मूर्तीचा उजवा डोळा काढत होते. ब्रश तिथंच थांबला, आणि आखणी करणारा माणूस मधे थांबत नाही, थांबला तर रेघ जाड होते, एवढं मलाही कळत होतं. ते वळून माझ्याकडे बघत राहिले.

घरी जाताना भाताच्या बांधावरून ते पुढं, मी मागं. मधेच थांबून म्हणाले, "तुला काय म्हणतात रं शाळेत?" मी म्हणालो, "म्हातारा." माझ्या केसांत कायम प्लास्टर असायचं, डोकं पांढरं. पोरं मला कंबरेत वाकवून वर्गभर चालायला लावायची, "ए म्हाताऱ्या, काठी कुठंय तुझी?" म्हणायची. बाबा आधी हसले. खरंच हसले, नाव होतंच तसं चपखल. मग माझं तोंड बघून गप्प झाले आणि खांद्यावरच्या टॉवेलनं माझं डोकं खसाखसा पुसायला लागले, असं की मान मोडेल. म्हणाले, "आणि डबा?" मी म्हणालो, "डबा पण." पुढं त्यांनी कोण ते विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. चिंबोरा म्हणजे शेठचा पोरगा, हे पोत्यांना पण ठाऊक होतं.

आणि मग बाबांकडून व्हायची ती चूक झाली. सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर शेठला म्हणाले, "शेठ, तुमचा चिंबोरा माझ्या निवट्याला तरास देतो, सांभाळा त्याला." त्यांना वाटलं, नाव तर घेतलंच नाही, नियम पाळला. शेठ लाल झाला. म्हणाला, "आता गोष्टींतून बोलणार का तू माझ्याशी? सरळ बोलायची हिंमत नाय?" दोघांत वाजलंच. आईनं मधे पडून बाबांना मागं ओढलं. पुढच्या शनिवारी तुम्ही आलात तेव्हा कारखाना फुगून बसला होता. तुम्ही बाबांना सगळ्यांच्या देखत झापलंत, माझ्या बाबांना, ज्यांना आजवर कुणी झापलं नव्हतं. "गोष्ट ही काठी नाही, तुम्ही ती दुसऱ्याच्या डोक्यात घातलीत. मी ती तुमच्या पोराला तोंड उघडायला दिली होती." बाबा खाली बघून म्हणाले, "व्हय बाई." तेवढंच. मग तुम्ही शेठच्या पोराला पुढं बोलावलंत, आणि मला वाटलं आता याची फजिती करणार. मी खूश झालो. तुम्ही त्याला विचारलंत, "चिंबोरा घरी गेला की त्याला कोण विचारतं, शाळेत काय झालं?" तो बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमिनीवरचं प्लास्टर कोरत राहिला. म्हणाला, "चिंबोऱ्याला कोण इचारीत नाय." शेठ तेव्हा साच्यात प्लास्टर ओतत होता. त्या दिवसानंतर तो संध्याकाळी पोराला बाजूला घेऊन बसायला लागला. आमची काही दोस्ती झाली नाही. म्हातारा हे नाव दहावीपर्यंत टिकलं. पण डबा माझा राहिला, आणि बाबा रोज रात्री जेवताना विचारायचे, "काय म्हणतो निवटा?" मग मी सांगायचो. निवट्याचं सांगायचो, म्हणजे सगळं सांगायचो. निवट्याला गणितात किती पडले इथपर्यंत.

बाई, तुमची गोष्ट ऐकून मी शहाणा झालो असं तुम्हाला वाटेल. नाही झालो. बाबांचं रक्त आहे. कॉलेजला पेणला गेलो, दुसऱ्या वर्षाला सोडलं. वर्गात एक मुलगी होती. होती काय, अजून आहे, पेणलाच राहते, बँकेच्या परीक्षा देते, आणि मी टेम्पो चालवतो तर कुठलाही माल कुठंही न्यायचा असला तरी तिच्या आळीतून नेतो. लोक म्हणतात हा रस्ता लांबचा आहे. मला माहिताय लांबचा आहे. कॉलेजातली तीन पोरं तिच्या मागं लागली होती, जिन्यात अडवायची, तिच्या चालण्याची नक्कल करायची, फोनवर घाण लिहायची. हे सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. तिनं मला सांगितलंच नव्हतं. कळलं तेव्हा मी कॅन्टीनमध्ये जाऊन एकाचं नाक फोडलं. त्यानंतर कॉलेजात जे झालं ते झालं, मीच परत गेलो नाही. पण त्या दिवशी एसटी स्टँडवर ती मला म्हणाली, "म्हणूनच तुला सांगितलं नव्हतं. आता सगळं कॉलेज माझ्याकडे बघणार. तुझं झालं ना मन शांत?" माझं मन शांत नव्हतं झालं. तिच्याशी मी त्यानंतर नीट बोललेलो नाही. टेम्पोतून बघतो, तेवढंच.

आता भाचीचं. भावोजी नागोठण्याला कंपनीत आहेत, शिफ्टची नोकरी. ताईचं घर रोह्यात. पोरगी व्हॅननं शाळेत जाते, म्हणजे जायची. दिवाळीनंतर तिचं रोज सकाळी पोट दुखायला लागलं. रविवारी नाही दुखायचं. डॉक्टर झाले, जंताचं औषध झालं, शेजारच्या काकूंनी दृष्टही काढली. त्यात आणखी एक विचित्र. भावोजी घरात आले की ही उठून आत जायची. त्यांनी "चला, नागोठण्याला निघालो" म्हटलं की कानावर उशी घ्यायची. भावोजी बिचारे हबकले. त्यांना वाटलं, आपण शिफ्टमुळं घरी नसतो म्हणून पोरगी रुसली. म्हणून एका सुट्टीला लाडानं म्हणाले, "चल बाळा, तुला पण नागोठण्याला नेतो, गाडीवरून फिरून येऊ." पोरीनं समोरचं ताट भिंतीवर भिरकावलं. आमटी अजून भिंतीवर दिसते, आत्ता माझ्यासमोर आहे. भावोजींनी हात उचलला, ताई मधे आली, आणि त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद. ताईनं मला फोन केला. म्हणाली, "ती व्हॅनमध्ये बसायला नाय बघत रे. ड्रायव्हरनं काही केलं असेल का?" पुढचं मी ऐकलंच नाही. टेम्पो तसाच सोडला, मित्राला बाईकवरून रोह्याला सोडायला लावलं आणि कासू, नागोठणे कधी मागं पडलं ते कळलं नाही.

दारातूनच मी ओरडलो, "कोण आहे? नाव सांग फक्त!" भाची पलंगाखाली गेली. बाई, मी तिला पलंगाखाली वाकून बघत होतो, डोक्यात हेल्मेट तसंच, आणि ती भिंतीला चिकटून बसलेली. ताई म्हणाली, "काढ ते आधी. राक्षस दिसतोयस." मी हेल्मेट काढलं. त्या पोरीला कुणाची जास्त भीती वाटत होती, व्हॅनवाल्याची का माझी, ते त्या क्षणाला सांगता आलं नसतं. तेव्हा मला तुमचं घमेलं आठवलं.

काल संध्याकाळी इथंच, याच स्वयंपाकघरात, गोष्ट सांगितली. मुद्दाम भावोजी शिफ्टवरून यायच्या वेळेला. ताई भाकऱ्या थापत होती, भावोजींना मी मटार सोलायला बसवलं, तुमचंच तंत्र, हात कामात पाहिजेत. ते म्हणाले, "मी काय लहान आहे का गोष्ट ऐकायला?" मी म्हटलं, "सोला हो तुम्ही." भाची दाराच्या चौकटीत, अर्धी आत अर्धी बाहेर. मी निवट्याची शाळा सांगितली, चिंबोरा सांगितला. तिला हसू आलं नाही, पण ती आत सरकली. मी थांबलो. विचारलं, "निवटा घरी काय सांगणार?"

भावोजी म्हणाले, "सांगणार, मला उद्यापासून दुसऱ्या शाळेत घाला." ताई म्हणाली, "सांगणार, पोटात दुखतंय." आणि म्हटल्याबरोबर तिचा हात पिठात थांबला. भाची म्हणाली, "निवटा काय सांगणार नाय."

"का गो?" मी विचारलं.

"त्याचा मामा येईल."

"येऊदे की. मामा काय करेल?"

"मामा नांगी मोडेल. मग चिंबोऱ्याचे सगळे भाऊ येतील. मामा पेणला परत जाईल. निवटा इथंच हाय."

कॉलेजातल्या मुलीनं एसटी स्टँडवर सांगितलं होतं तेच हे, फक्त लहान तोंडून. मटाराच्या शेंगा फुटल्याचा आवाज तेवढा येत होता. मग भावोजींनी, मी काही न शिकवता, खाली बघतच विचारलं, "मामा नाय येणार, मी शब्द देतो. निवट्याला चिडवतात काय म्हणून? बेडूकच?"

"नाय."

"मग?"

ती आणखी आत सरकली. मग म्हणाली, "बाबा, तुमच्या कंपनीचं गाव म्हणतात."

मग सगळं आलं. रेल्वेच्या फाटकाशी गाडी जाईपर्यंत व्हॅन थांबली होती, अवकाळी पाऊस पडत होता, हिला शू आवरली नाही, सीटवरच झाली. दोन मोठ्या मुलींनी बघितलं. नागोठण्यात पुराचं पाणी भरतं हे इथल्या पोरापोरांना माहीत. दुसऱ्या दिवसापासून ती व्हॅनमध्ये चढली की कोरस, "आलं नागोठणं! पाय वर घ्या, पाणी भरलं!" आणि सगळी व्हॅन पाय वर घेऊन बसायची. तिच्याशेजारची जागा रिकामी. शाळेच्या गेटपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत तेच नाव. बाई, तुम्हाला खोटं कशाला सांगू, ऐकताना क्षणभर मलाही ते चपखल वाटलं, बाबांना म्हातारा वाटलं होतं तसंच. पोरं फार हुशार असतात यात.

भावोजींच्या मांडीवरची परात तशीच राहिली. ते म्हणाले, "आणि मी रोज तेच बोलत होतो गो तुझ्यासमोर." भाची म्हणाली, "तुम्हाला कुठं माहीत होतं." एवढं बोलून ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि शेंगा सोलायला लागली. तिला मिठी वगैरे कुणी मारली नाही. ताई भाकरी उलटायची विसरली, ती करपली, तीच आम्ही खाल्ली. जेवताना भावोजींनी विचारलं, "निवट्याला काय हवंय आता?" तिनं तयारच ठेवलं होतं जणू. आईबाबांनी दोघांनी शाळेत यायचं. बाईंना सांगायचं, पण वर्गासमोर नाही. त्या मुलींना ओरडायचं नाही, नुसतं थांबवायचं. मामानं यायचं नाही. मामानं शाळा सुटायच्या आत पेणला जायचं, आणि स्टँडवर जाताना शाळेच्या रस्त्यानं जायचं नाही. मी म्हटलं, "एवढं पण नाय का?" तर म्हणाली, "तू जाता जाता थांबशील. मला माहिताय."

भावोजींनी शिफ्ट बदलून घेतली. सकाळी तिघं चालत गेले. मी इथं बसलो. पहिला तास कसा काढला ते सांगत नाही. दोनदा बूट घातले आणि दोनदा काढले. मग लिहायला बसलो. तुम्ही असतात तर जोह्याला येऊन समोर बसून सांगितलं असतं, पण तुम्ही नाही आणि आजचा दिवस तर आजच काढायचा होता.

आत्ता ताईचा फोन येऊन गेला. "झालं बोलणं," म्हणाली. "बाईंनी तिला आत बोलावून एकटीचं ऐकून घेतलं. त्या दोघींच्या आयांना उद्या बोलावतायत. व्हॅनमध्ये मोठं माणूस बसवणार म्हणतात, बघू. आम्ही दोघं शाळा सुटेपर्यंत इथंच थांबतोय."

"रडली का?"

"ती नाय रडली. तुझे भावोजी रडले."

"मी येऊ का तिथं?"

"कशाला? गेली पण ती वर्गात. मागं वळून बघितलं पण नाय."

व्हॅनमधलं उद्या बंद होईल असं मला वाटत नाही. नाव तर लवकर जाणार नाही. पण ती आता घरी येऊन सांगेल, आज अर्धीच व्हॅन ओरडली, आज कुणीतरी शेजारी बसलं, आज परत सगळे ओरडले. तिच्या बाबांना सांगेल. सांगितल्यावर घरात काही फुटणार नाही, एवढी तिची खात्री आता झाली असेल, आणि ती टिकवायची तर मी त्या रस्त्यानं जाता कामा नये, हेही मला कळतंय.

पण तुमच्यापासून काय लपवू. फोन ठेवला तेव्हा मला आधी बरं नाही वाटलं. आधी वाईट वाटलं, की माझ्यावाचून झालं. बरं नंतर वाटलं, बराच वेळ ओट्याजवळ उभा राहिल्यावर. हे मी ताईला सांगणार नाही, भावोजींना नाही, आणि पेणमधल्या तिलाही नाही. ही पानं इथं ठेवली तर ताई वाचेल, म्हणून घडी करून खिशात घालतोय. पेणला गेल्यावर काय करायचं ते बघू.

शाळा सुटायला आता फार वेळ नाही. पातेलं घासून पालथं घातलंय. बूट घालतो, मागच्या गल्लीनं स्टँडला जातो. किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यायची आहे. त्यांचा नातू झोपलाय, म्हणून दार हळू ओढून घेतो.